पेठेतून ‘पार्कात’ राहायला जावं का? ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीवाल्यांनी खरं सांगा

फौंड्रीवाला
नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या जवळ. भावाभावांत वाटणी झाली, घर थोरल्याकडं राहतंय, माझ्या वाट्याला पैसे आलेत. त्यात कर्ज घालून फ्लॅट घ्यायचा आहे. माझं काम शिरोली एमआयडीसीत, म्हणजे रोज सकाळी अख्खं गाव ओलांडून पलीकडं जायचं. बायकोची शाळा ताराबाई पार्काच्या बाजूला. त्यामुळं एजंट ताराबाई पार्क, नागाळा पार्क आणि रुईकर कॉलनी असं तीन ठिकाणी फिरवतोय.

रेट, कार्पेट एरिया, लोन हे मला कळतं. तिथं राहणं कसं असतं ते सांगा. शेजारी कसे, आवाज किती, पाणी येतं का, पोरं खाली खेळतात का. आई ७१ वर्षांची आहे. ती म्हणते, “तिकडं सगळे बंगलेवाले, बोलायला कुणी नाही. मी काय भिंतीशी बोलू?” बायकोचं मत नेमकं उलटं. मी मधल्यामध्ये.

कट्ट्यावरचा
शेठ झालासा की! आधी मिसळ घाला, मग सल्ला.

जुना_पार्ककर
मी ताराबाई पार्कातच जन्मलो, आता साठी उलटली. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, “गाव सोडून रानात कशाला जाताय?” सासने ग्राउंडच्या आसपास दिवेलागणीनंतर शुकशुकाट असायचा. पुढं आंबा, नारळ, मागं गड्याची खोली, मधे बैठा बंगला. राहणारे म्हणजे वकील, डॉक्टर, साखर कारखान्यांतले बडे लोक, निवृत्त अधिकारी. पैसा होता, पण तो दाखवायची पद्धत नव्हती. एकच गाडी, तीही झाकून ठेवलेली.

तो पार्क आता शोधू नका. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, चटईक्षेत्र वाढलं, आणि बंगले भराभर पडायला लागले. बिल्डरला शिव्या देऊन उपयोग नाही. मुलं पुण्यात, बंगळुरात नाहीतर परदेशात. उरलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांना एवढी जागा झाडून घेणंही होत नाही. बिल्डर फ्लॅट देतो, वर रक्कम देतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला लिफ्ट देतो. कोण नाही म्हणेल? आमच्या रस्त्यावर मूळचे बंगलेवाले आता बोटावर मोजण्याइतके. त्यातल्याही दोन बंगल्यांत फक्त वॉचमन आणि कुत्रा राहतात.

राहणं म्हणाल तर सकाळ फार सुंदर. अजून झाडी आहे, पोलो ग्राउंडवर नाहीतर महावीर गार्डनात चालायला जाता येतं. नऊ वाजले की चित्र बदलतं. शाळा, क्लासेस, दवाखाने, शोरूम. तुमच्या गेटसमोर कुणाची तरी गाडी लावलेली असते आणि मालक दवाखान्यात आत नंबर लावून बसलेला असतो. त्याच्यावर ओरडणार कसं? संकष्टीला पितळी गणपतीजवळून गाडी काढून दाखवा, मग मानतो. जाहिरातीतला ‘शांत, हिरवा परिसर’ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच.

शेजाऱ्यांबद्दल: वाईट कुणी नाही. पण कुणाकडं जायचं तर आधी फोन करायचा, ही इथली रीत. तुमच्या आईंना हे पहिल्या आठवड्यात कळेल.

शिवाजीपेठ_कायम
बघा, पार्ककरच कबूल करालेत! आमच्यात घरात जायला फोन नाही, दारातनं हाक मारली की झालं. पोराला आधी विचारत्यात, “तालीम कुठली?” पार्कातलं पोरगं काय सांगणार? तालमीची फुटबॉल मॅच शाहू स्टेडियमला असली की पेठ रिकामी. आषाढात त्र्यंबोली देवीला नवं पाणी घालायला ‘पी ढबाक’च्या तालावर जातो आम्ही. पार्कात आषाढ कळतो तरी का? एसीचं रिमोट बदलतात म्हणं पावसाळा लागला की.

आणि शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनात पार्क कुठं हुता?

जुना_पार्ककर
टोलच्या मोर्चात मी होतो, आमच्या गल्लीतले दोन डॉक्टर होते. बाकी तुमचं मान्य, फक्त एसीचं सोडून. झाडीमुळं आम्हाला एसी तुमच्यापेक्षा कमी लागतो.

अनुराधा_नागाळा
नागाळा पार्कबद्दल बोलताना सगळे पूर शेवटी काढतात, मी आधीच काढते.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. “शंभर वर्षांत एकदा येतो असा पूर” असं म्हणून लोकांनी फर्निचर नवं केलं, आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा तितकंच चढलं. नदी समोरून चालत येते असं नाही. जयंती नाला नदीला मिळतो. नदी फुगली की नाल्याला पुढं जायला वाव नसतो, पाणी मागं सरकतं आणि चेंबरमधून वर येतं. खानविलकर पेट्रोल पंप, असेंब्ली रोड, महावीर कॉलेज, रमणमळा ही नावं तुम्ही तेव्हा बातम्यांत ऐकली असतीलच. शाहूपुरीत कुंभार गल्लीत तर गणपतीच्या मूर्ती तयार व्हायच्या दिवसांतच पाणी शिरतं.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घरात थेंब आला नाही. पण खाली पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, मीटरचा बोर्ड पाण्यात, म्हणून वीज बंद. वीज नाही म्हणून लिफ्ट नाही, मोटर नाही. वर नळालाही पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारी नदीकाठची उपसा केंद्रंच बुडालेली. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला बाटल्या मोजून. सासूबाईंना बोटीत बसवताना त्यांनी दागिन्यांची पिशवी माझ्याकडं दिली आणि औषधांची स्वतःजवळ ठेवली.

कुठं गेलो? शिवाजी पेठेत चुलतसासऱ्यांच्या घरी. जुनं गाव उंचावर वसलंय, तिथं रस्ता कोरडा. कोटीचा फ्लॅट सोडून दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. त्या काकूंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही, हे मुद्दाम लिहिते. आमच्याच बिल्डिंगमधली काही कुटुंबं हॉटेलात गेली, कारण गावात त्यांचं कुणी नव्हतं.

हे वाचून नागाळा पार्क नकोच असं समजू नका. निम्मा भाग उंचावर आहे, तिथं काही झालं नाही. आम्हीही अजून इथंच आहोत. जिल्हाधिकारी कार्यालय हाकेच्या अंतरावर, झाडं भरपूर, कॉलेज जवळ. वर्षातले साडेअकरा महिने तक्रारीला जागा नाही. पण घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, “२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

फौंड्रीवाला
अनुराधाताई, हे फार कामाचं आहे. एजंट म्हणतो, “आता तसा पूर येणार नाही.” कागदावर बघायची काही सोय आहे का?

नकाशेवाला
आहे. मी याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नदीला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, मुख्य अट जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर उचलायची. म्हणजे मधल्या पट्ट्यातली नवी बिल्डिंग बेकायदा असेलच असं नाही. पण तुमचा फ्लॅट कोरडा राहील आणि रस्ता पाण्याखाली जाईल. अनुराधाताईंनी लिहिलंय ते हेच. आणखी एक: पूररेषा नदीच्या असतात. नाल्याच्या फुगवट्याचा अनुभव नकाशापेक्षा दुकानदाराकडंच जास्त मिळतो, हे त्यांचं बरोबर आहे.

दुसरा मुद्दा कुणी काढला नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि ‘सत्ताप्रकार’, म्हणजे जागेवरचा हक्क कुठल्या प्रकारचा, हा रकाना वाचा. कोल्हापुरात बऱ्याच मिळकतींवर ‘ब’ सत्ताप्रकार लागलेला आहे. तसं असेल तर खरेदी-विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नजराणा (सरकारला भरायची रक्कम) असे विषय निघू शकतात. बँकेचा वकील शेवटच्या आठवड्यात हे काढतो आणि तुमचं टोकन अडकतं. बंगला पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये तर नक्की बघा, कारण मूळ प्लॉट कुणाचा, कुठल्या अटीवर मिळालेला, हे तिसऱ्या पिढीला माहीत नसतं.

शिरोलीला जायचं आहे म्हणून सांगतो: रुईकर कॉलनीतून तावडे हॉटेलकडं निघालात की लगेच महामार्ग. मोठ्या पुरात मात्र तो महामार्गच पंचगंगेच्या पुलाजवळ बंद होतो, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा झाला. तेव्हा कुठंही राहा, कारखाना लांबच.

कट्ट्यावरचा
म्हंजे रुईकर कॉलनीत राहून सुट्टी मिळंल. घ्या तिथंच!

सदरबाजार
मी बराच वेळ वाचतोय. माझं घर सदर बाजारात, म्हणजे ताराबाई पार्काला लागूनच. पत्ता सांगताना मात्र अंतर लई वाढतं.

माझ्या आईनं पार्कात वीसेक वर्षं धुणीभांडी केली. आमच्या वस्तीतल्या, विचारेमाळातल्या कितीतरी बायका आजही जातात. इथं चर्चा चाललीय की शेजारी बोलतात का, आवाज येतो का. आई त्या घरांच्या आत जाऊन यायची, म्हणून तिच्याकडून ऐकलेलं लिहितो.

बंगल्यांच्या काळात तिच्याकडं दोन घरं होती. एका ठिकाणी चहाचा कप वेगळा, तो खिडकीत पालथा घातलेला असायचा. त्याच घरातल्या बाईंनी माझी डिप्लोमाची पहिल्या वर्षाची फी भरली. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसत नाही. आई कपाबद्दल कधी बोलली नाही, फीबद्दल दर दिवाळीला बोलते.

बंगला पडला, टॉवर झाला. आता तिथं काम करणाऱ्या माझ्या मावशीकडं सात घरं आहेत, प्रत्येक घराला ठरलेला वेळ. गेटवर फोटो, मोबाइलवर नोंद, पिशवी उघडून दाखवायची, लिफ्ट वेगळी. दोन कामांच्या मधे अर्धा तास रिकामा मिळाला तर बसायचं कुठं? बागेतल्या बाकावर बसलं की ग्रुपवर फोटो टाकतात. बंगल्यात तिला निदान नावानं हाक होती, आता ती ‘बी विंगची बाई’. लॉकडाऊनमध्ये काहींनी काम नसताना पूर्ण पगार दिला, काहींनी फोन उचलला नाही. आणि यात मोठा फ्लॅट, छोटा फ्लॅट असा काही हिशोब बसत नाही, सांगून ठेवतो.

फौंड्रीवाले दादा, तुम्ही पेठेतले, कारखान्यात माणसं सांभाळता, म्हणून सांगावंसं वाटलं. सोसायटी बघायला जाल तेव्हा क्लब हाऊस दाखवतील. तुम्ही विचारा की वॉचमन रात्री पाठ कुठं टेकतो, आणि कामाला येणाऱ्या बायकांना संडास कुठं आहे. त्या उत्तरावरनं पुढचे शेजारी कळतील.

रुईकरवासी
सदरबाजार, तुमचं लिहिणं लागलं. पण सगळ्या सोसायट्या तशा नाहीत. आमच्याकडं तळमजल्यावर कामगारांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. नोंदीचं म्हणाल तर चोऱ्या झाल्यावर सुरू झाली, कुणाचा अपमान करायला नाही.

सदरबाजार
चोऱ्या झाल्या तेव्हा कुरिअरवाल्याची पिशवी तपासायला लागला का?

रुईकरवासी
नाही.
(हे खरंच सभेत काढायला हवं.)

वैशाली_पार्क
इथं पेठेचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष दिसतायत, म्हणून बाईची बाजू मांडते.

मी लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. माणसं सोन्यासारखी. सासरे गेले तेव्हा आम्ही कुणाला फोन करायच्या आत अंगण भरलं होतं. तेरा दिवस चूल पेटवावी लागली नाही. पण त्याच अंगणातून मी ड्रेस घालून निघाले की चार दारांतून चार नजरा. “कुठं चाललीस गं?” हा प्रश्न मायेचा असतो, कबूल. दिवसातून सहा वेळा आला की चौकशी होते. मूल उशिरा झालं, त्या काळात दर हळदीकुंकवाला जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

ताराबाई पार्कात आल्यावर पहिल्या महिन्यात मला कुणी काही विचारलं नाही. लोक याला एकटेपणा म्हणतात, मला ती सुट्टी वाटली. रात्री नऊला क्लास संपवून एकटी चालत येते, कोण बघतंय याचा विचार नसतो. कामाबद्दल म्हणाल तर घरातून शिकवण्या घेते, इथल्या पालकांना फी सांगताना लाजावं लागत नाही. पेठेत निम्मी मुलं “आपलीच आहेत” म्हणून फुकट होती.

तोट्यांचंही सांगते. भाजीसाठी हातगाडीवाला येतो, पण भाव पार्काचा लावतो. शनिवारी मी मुद्दाम लक्ष्मीपुरीला किंवा कपिलतीर्थला जाते. मेंटेनन्सवरून होणाऱ्या सभा हा एक स्वतंत्र छळ आहे: दिवाळीची रोषणाई ठरवायला दोन तास, टाकी धुवायची कधी याला दोन मिनिटं. मुलांचा खेळ ही खरी अडचण. खाली ‘बॉल खेळू नये’ अशी पाटी, म्हणून खेळायलाही फी भरून कोचिंग. माझा मुलगा सुट्टीत आजीकडं पेठेत जातो आणि गुडघे फोडून, शिव्या शिकून, खुशीत परत येतो.

फौंड्रीवाले, तुमच्या बायकोला वेगळं बसवून विचारा तिला काय हवंय. तुमच्या पोस्टमध्ये आईचं वाक्य आहे, बायकोचं नाही.

शिवाजीपेठ_कायम
वहिनी, मुद्दा बरोबर हाय. आमच्या घरात हे वाचून दाखवलं तर मंडळींनी मान हलवली. जास्तच हलवली.

गल्ली_नंबर_नऊ
तुम्ही सगळे राजारामपुरीला विसरलात काय? एक ते चौदा गल्ल्या, पत्ता सांगायला सोपा. सगळं चालत: जनता बझार, दवाखाने, कपडे, खाणं. पार्कासारखं सुनसान नाही आणि पेठेइतकं अंगावर येत नाही. फक्त गणपतीच्या आगमनाला दोन दिवस गाव सोडा. डॉल्बीनं कपाटातल्या ताटल्या वाजतात. सकाळी फिरायला विद्यापीठाचा कॅम्पस आहे, तिथं अर्धं कोल्हापूर भेटतं.

नकाशेवाला
राजारामपुरी राहायला उत्तम, पण पार्किंगसह नवा मोठा फ्लॅट मिळणं कठीण. आणि आता भाडेकरूही वाढले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून बाहेरगावचे वकील ताराबाई पार्क, नागाळा पार्कात ऑफिस आणि राहायला जागा शोधतायत. माझ्याकडंच चौकश्या येतात. मालक त्यामुळं भाव सोडत नाहीत. शहराची हद्द वर्षानुवर्षं वाढलेली नाही, आत जागा तेवढीच…

कट्ट्यावरचा
हद्दवाढ काढू नका, धागा चारशे प्रतिसादांवर जाईल.

नकाशेवाला
बरं, थांबतो. पाण्याचं एक राहिलं. काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली, त्यामुळं नदीकाठच्या उपशावरचं अवलंबन कमी झालं. तरी सोसायटीला बोअर आहे का, टाकी किती दिवस पुरते, हे विचाराच. उंच भागात दाब कमी असतो.

फौंड्रीवाला
सगळ्यांचे आभार. या पंधरवड्यात बरंच झालं, ते सांगतो.

वैशालीताई, बायकोला विचारलं. ती म्हणाली, “मला एक खोली पाहिजे, जिला आतून कडी लावली तर कुणी कारण विचारणार नाही.” लग्नाला चौदा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

नागाळा पार्कातला फ्लॅट सोडला. दुकानदारानं माझ्या खांद्याच्या वर हात दाखवला. रुईकर कॉलनीतला आवडला होता, पण बायकोची शाळा उलट बाजूला पडते आणि आईला गावात यायला फार लांब. आता ताराबाई पार्कातला तिसऱ्या मजल्यावरचा बघतोय. वॉचमनच्या झोपण्याचं विचारलं तर सेक्रेटरी गोंधळले, मग म्हणाले, “केबिनमध्ये खुर्ची आहे.” संडास आहे, पण कुलूप लावलेला. किल्ली कुणाकडं ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे दोन्ही लेखी मागितलंय.

आईला दाखवून आणलं. तिनं गॅलरीतून खाली बघितलं, शेजारच्या दाराची बेल वाजवली आणि तिथल्या आजींना विचारलं, “तुमचं माहेर कुठलं?” त्या निघाल्या कसबा बावड्याच्या. अर्धा तास मी आणि एजंट जिन्यात उभे. तरी परत येताना रिक्षात म्हणाली, यायला तयार आहे, पण मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला जायच्या रिक्षाचे पैसे घरखर्चातून नाहीत, वेगळे पाहिजेत. आणि महिन्यातून आठ दिवस थोरल्याकडं राहणार. मान्य केलं.

सत्ताप्रकार ‘क’ निघाला. पुढं काय बघू?

शिवाजीपेठ_कायम
मतदार यादीतलं नाव पेठेतच ठेवा.

नकाशेवाला
असलं सल्ले देऊ नका हो, जिथं राहता तिथं नाव लावायचं असतं.

फौंड्रीवाले, ‘क’ आहे म्हणजे मोठी काळजी मिटली. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का ते बघा, अर्धवट नको, पूर्ण. पार्किंगचा नंबर करारात लिहून घ्या, तोंडी नको. मीटरचा बोर्ड आणि लिफ्टचा जनरेटर तळघरात आहे की जमिनीच्या वर, ते स्वतः उतरून बघा. पावसाचं पाणी तळघरात साठण्यासाठी नदीच यावी लागते असं नाही.

अनुराधा_नागाळा
बोर्ड खाली असेल तर आधी वर घ्यायला लावा, मगच टोकन द्या. आम्ही २०२१ नंतर वर्गणी काढून वर घेतला. सगळ्यात जास्त कुरकुर सातव्या मजल्यावाल्यांनी केली.